अण्णांनी एकाच बागेला दोनदा खत सोडले : हे वय म्हणायचे की आजाराची सुरुवात?

प्रश्न : यावलची लेक

सप्रेम नमस्कार. माझे माहेर यावल तालुक्यात आहे आणि मी जळगावला एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आता 72 वर्षांचे आहेत. शेतीचे बाहेरचे व्यवहार भाऊ पाहतो, पण केळीच्या कोणत्या बागेला कधी पाणी द्यायचे आणि कधी खत सोडायचे, हे गेली चाळीस वर्षे अण्णांच्याच डोक्यात राहत आले आहे.

दोन महिन्यांपूर्वी थ्री फेज वीज रात्रपाळीला होती. अण्णांनी सोमवारी रात्री मृगबागेचा (मृगात लावलेल्या केळीचा) व्हॉल्व्ह उघडून व्हेंचुरीतून, म्हणजे पाण्याबरोबर खत सोडणाऱ्या नळीतून, युरिया आणि पोटॅश सोडले, तशी वहीत नोंद केली, आणि मंगळवारी रात्री जाऊन पुन्हा त्याच बागेला तेवढेच खत सोडले. पलीकडची पिलबाग (जुन्या केळीच्या पिलांपासून वाढलेली बाग) तो आठवडाभर कोरडी राहिली. भावाने वही समोर धरली, तेव्हा सोमवारची नोंद त्यांच्याच अक्षरात होती. ती पाहून ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "लिहिले असेल मी, पण सोडल्याचे काही आठवत नाही." त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. एकाच जेवणात ते मामेभावाच्या लग्नाची हकिकत तीन वेळा सांगतात. टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो की अंगणात बसून बातम्या ऐकता येतात. संध्याकाळी मारुतीच्या पारावर जाऊन बसण्याचा त्यांचा नेम होता, तो त्यांनी बंद केला. कारण विचारले तर "तिथे नुसती बडबड असते" असे म्हणतात. मात्र जुने सगळे लख्ख आठवते, माणसे ओळखतात, अंघोळ, कपडे, जेवण यांत कोणाची मदत लागत नाही. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी आहे, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी आणि अंगाला खाज येते म्हणून रात्री एक गोळी घेतात.

भाऊ म्हणतो की सत्तरीनंतर सगळ्यांचेच असे होते. गावात तर "साठी बुद्धी नाठी" ही म्हण तयारच असते. मला विचारायचे आहे ते असे, की हे नुसते वय आहे, की पुढे येणाऱ्या विस्मृतीच्या आजाराची ही सुरुवात आहे, आणि "मला काय वेड लागले आहे का" असे म्हणणाऱ्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावे तरी कसे?

उत्तर : निवृत्त डॉक्टर, चोपडा

ताई, आपण जे लिहिले आहे त्यात निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट लग्नाची हकिकत नसून खताची वही आहे. वय वाढले की नाव पटकन ओठांवर येत नाही, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, दोन कामे एकाच वेळी जमत नाहीत. पण कोणी आठवण करून दिली की "हो, बरोबर" असे होते. आठवण करून देऊनही घटनाच सापडत नसेल, आणि ज्या कामात माणसाचा हात चाळीस वर्षे बसला आहे त्याच कामात चूक होत असेल, तर तिला वयाच्या खाती टाकू नये. तुलना शेजाऱ्याशी करायची नसते, त्याच माणसाच्या दोन वर्षांपूर्वीच्या स्थितीशी करायची असते.

आपल्या भावाच्या म्हणण्याबद्दल एक आकडा सांगतो. भारतात 60 वर्षांवरील व्यक्तींची देशपातळीवर जी पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यानुसार या वयोगटात स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे आपण म्हणता त्या विस्मृतीच्या आजाराचे, प्रमाण सुमारे 7.4 टक्के आहे, म्हणजे जवळपास 88 लाख माणसे. संख्या मोठी आहे, यात शंका नाही. पण शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना तो नसतो, तेव्हा "सगळ्यांचेच होते" हे म्हणणे टिकत नाही.

निरोगी वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांच्या मध्ये एक पायरी असते. तिला सौम्य बोधनक्षीणता म्हणतात. यात स्मरणशक्ती किंवा नियोजन वयाच्या मानाने कमी झालेले चाचणीत दिसते, पण माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतः सांभाळतो. या पायरीवरचे काही जण दरवर्षी पुढे स्मृतिभ्रंशाकडे सरकतात, बरेच जण वर्षानुवर्षे तिथेच राहतात आणि काही जण चक्क पूर्ववत होतात. पूर्ववत होणाऱ्यांमध्ये दुरुस्त करता येण्याजोगे कारण वेळीच सापडलेले असे अनेक असतात, आणि म्हणूनच मला आपल्या पत्रातील शेवटची औषधांची ओळ फार बोलकी वाटली.

मधुमेहासाठी अण्णा मेटफॉर्मिन घेत असतील, तर ते औषध वर्षानुवर्षे घेतल्याने शरीरातील जीवनसत्त्व बी-12 कमी होऊ शकते. ॲसिडिटीची रोजची गोळी आम्ल कमी करते आणि अन्नातील बी-12 मोकळे व्हायला तर आम्लच लागते. त्यात घर माळकरी, शाकाहारी असेल, म्हणजे आहारातूनही बी-12 कमीच येत असेल, तर तिसरी बाजूही बंद झाली. असे रुग्ण मी चोपड्याला शेकड्यांनी पाहिले आहेत. पायांना मुंग्या, जिभेची आग आणि विसरभोळेपणा घेऊन ते येत आणि घरचे म्हणत, म्हातारपण आहे. रक्तातील बी-12 साधारणपणे दर मिलिलिटरला 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता मानतात.

रात्रीची खाजेची गोळी मला बी-12 इतकीच संशयास्पद वाटते. खाज, सर्दी यांवरच्या जुन्या पद्धतीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या मेंदूतील ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात, आणि स्मरणशक्तीचे बरेचसे काम त्याच रसायनावर चालते. लघवी वारंवार होते म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, आणि नसांच्या दुखण्यावरची ॲमिट्रिप्टिलीन यांचेही म्हाताऱ्या माणसांत असेच होते, आणि झोपेच्या गोळ्याही वेगळ्या वाटेने स्मरणशक्ती मंदावतात. अण्णांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवा. परस्पर मात्र काहीही बंद करू नका, कारण झोपेची गोळी एकदम तोडली तर उलटे होते.

यांशिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडाचे काम आणि सोडियम तपासावे. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीला जातो, घाम गळतो, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर सोडियम उतरून माणूस असंबद्ध बोलू लागतो. अण्णा गेल्या काही महिन्यांत पडले होते का, डोक्याला मार लागला होता का, हेही विचारा. कवटीखाली हळूहळू साचणारे रक्त काही आठवड्यांनी विसरभोळेपणाच्या रूपात पुढे येते आणि ते सीटी स्कॅनमध्ये दिसते. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विस्मरण ही तिन्ही एकत्र दिसली तर मेंदूतील पाण्याचा एक उपचारयोग्य विकार असू शकतो. आणि पार सोडून घरात बसणे, चिडणे, हे नैराश्याचेही लक्षण असते, जे म्हाताऱ्या पुरुषांत रडण्याच्या रूपाने क्वचितच दिसते.

एक सावधगिरी. हे बदल महिन्यामहिन्याने आलेले आहेत म्हणून आपण सवडीने तपासण्या करू शकतो. जे काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येते, म्हणजे अचानक भ्रम, जीभ जड होणे, तोंड वाकडे होणे, त्याला थांबायला वेळ नसतो. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि गावाकडून निघून स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्याचा वेळ त्यातच मोजायचा असतो.

उत्तर : सूनबाई, धुळे

डॉक्टरसाहेबांनी चाचणीचा उल्लेख केला आहे, त्याबद्दल आमचा अनुभव सांगते. आमच्या सासूबाई निरक्षर आहेत. एका दवाखान्यात त्यांना घड्याळ काढायला, एक वाक्य लिहायला आणि शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल हाती धरली नाही, तिच्या पुढ्यात कोरा कागद ठेवला गेला. तीसपैकी अकरा गुण आले, आणि दहा मिनिटांत "स्मृतिभ्रंश, मध्यम स्वरूपाचा" असे लिहून आम्हाला घरी पाठवले. त्या मात्र परतीच्या एसटीत दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करत होत्या.

पुढे दुसऱ्या एका मानसोपचार तज्ज्ञांनी आम्हाला समजावले की या चाचण्या शिकलेल्या माणसांसाठी तयार झालेल्या आहेत. हरियाणातील बल्लभगड भागातील ग्रामीण वृद्धांचा अभ्यास करताना 1990 च्या दशकात संशोधकांना हीच अडचण आली, म्हणून त्यांनी हिंदीत वेगळी चाचणी बेतली. तिच्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचे असते आणि वाचून कृती करण्याऐवजी तपासणाऱ्याची नक्कल करायची असते. तेव्हा ताई, अण्णा किती शिकले आहेत ते आधीच सांगा, आणि चाचणी मराठीत, शक्यतो त्यांच्याशी घरच्या बोलीत बोलू शकणाऱ्या माणसाकडून होऊ द्या.

सासूबाईंमध्ये खरोखर बदल झाला होता, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण तो आम्हाला कानबाईने, आमच्या खानदेशातील देवीने, दाखवला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या एकेका पुरुषाचे नाव घेऊन गव्हाच्या मुठी मोजतात. हे मोजणे भाऊबंदकीत त्यांच्याकडेच असायचे. त्या वर्षी त्यांनी चार वर्षांपूर्वी वारलेल्या मोठ्या दिरांच्या नावाची मूठ घातली आणि मांडीवर खेळणाऱ्या नातवाचे नाव घेतलेच नाही. सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. जाऊबाईंनी हळूच म्हटले, "माय, धाकल्याची मूठ राहिली," आणि त्यांनी ती घातली. दिरांची मूठ कोणी परत काढली नाही. हा प्रसंग मी दुसऱ्या डॉक्टरांना जसाच्या तसा सांगितला, तेव्हा ते म्हणाले की त्या अकरा गुणांपेक्षा मला यातून अधिक कळले. आपणही खताच्या वहीची ती दोन पाने सोबत न्या.

उत्तर : एक वाचक, नंदुरबार

रोज भिजवलेले बदाम, ब्राह्मी आणि मोबाइलवरचे शब्दकोडे, एवढे केले तर मेंदू तल्लख राहतो असे सगळीकडे वाचायला मिळते. माझ्या वडिलांना मी हेच देतो. यात कितपत तथ्य आहे, हे डॉक्टरांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त डॉक्टर, चोपडा

बदाम खाऊ द्या, अपाय नाही. पण एखाद्या पदार्थाने किंवा एका खेळाने स्मृतिभ्रंश टळतो असा पुरावा नाही. शब्दकोडे सोडवून माणूस मुख्यतः शब्दकोड्यात तरबेज होतो.

ज्यांचा पुरावा आहे त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्या मोबाइलवर फिरत नाहीत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगी 14 जोखीम-कारणे मांडली आणि ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल असा अंदाज दिला. त्यांत अल्पशिक्षण, ऐकू कमी येणे, दिसायला कमी होणे, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, स्थूलता, व्यायामाचा अभाव, नैराश्य, डोक्याला मार, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण हे सारे आले. हा हिशेब लोकसंख्येचा आहे. एका माणसाला त्यातून हमी मिळत नाही. फिनलंडमध्ये साठी ते सत्याहत्तरीच्या 1,260 माणसांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला, ज्यात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेची देखरेख ही चारही अंगे एकत्र होती. ही अंगे मिळालेल्या गटाची बौद्धिक कामगिरी इतरांपेक्षा थोडी पण निश्चित सरस राहिली.

कानाबद्दल विशेष लिहितो, कारण अण्णांचा टीव्ही अंगणापर्यंत ऐकू येतो आहे. ज्याला ऐकूच नीट आले नाही, ते मेंदू साठवणार कसे? पारावरची "नुसती बडबड" म्हणजे चारपाच जण एकदम बोलतात तेव्हा शब्द वेगळे न होणे, हेही असू शकते. अमेरिकेत 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हृदयविकाराची जोखीम अधिक असलेल्या वृद्धांमध्ये श्रवणयंत्र दिल्यावर तीन वर्षांतील बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. निरोगी स्वयंसेवकांच्या गटात मात्र तसा फरक दिसला नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा 120 च्या खाली ठेवला तर सौम्य बोधनक्षीणता सुमारे एकपंचमांशाने कमी होते असे 2019 मधील एका मोठ्या अभ्यासात आढळले, पण त्यात मधुमेही घेतलेले नव्हते, तेव्हा अण्णांच्या बाबतीत तो आकडा आंधळेपणाने लावू नये. रक्तदाब फार उतरून उभे राहताना चक्कर आली आणि ते पडले, तर फायद्याऐवजी नुकसानच होईल.

सूनबाईंनी घरच्या बोलीचा उल्लेख केला आहे, म्हणून आपल्या खानदेशातील अहिराणीविषयीही लिहितो. हैदराबादच्या संशोधकांनी 2013 मध्ये 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला, आणि हे निरक्षरांतही दिसले. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण आपल्याकडचा माणूस घरात अहिराणी किंवा लेवा बोली, कचेरीत मराठी आणि बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याशी हिंदी बोलतो, त्याला नातवंडांनी "गावंढळ बोलू नका" असे सांगून गप्प करण्याचे काहीच कारण नाही.

स्मृतिभ्रंशात वापरली जाणारी डोनेपेझिलसारखी गोळी सौम्य अवस्थेत घेतल्याने पुढचा आजार टळतो असे सिद्ध झालेले नाही. कोणी "मेंदूचे टॉनिक" म्हणून महागडी पाकिटे लिहून दिली, तर त्या पैशांतून कानाची तपासणी करून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : भुसावळचे आजोबा

ताई, मी 76 वर्षांचा आहे आणि रेल्वेत गार्ड होतो. तीन वर्षांपूर्वी मला सौम्य बोधनक्षीणतेचे निदान झाले, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. आपल्याला विसरायला होते आहे हे घरच्यांच्या कितीतरी आधी आपल्या लक्षात येते. मला भुसावळ ते नागपूर सगळी स्थानके क्रमाने पाठ होती, आणि एका रात्री झोप येत नाही म्हणून मी ती मनात म्हणू लागलो तर शेगावनंतर पुढे काही येईना. मी कोणालाच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप वेळापत्रक काढून पाठ करत बसलो. आपले अण्णा चिडतात ते याच धास्तीने, अशी माझी खात्री आहे.

मला माझ्या मुलाने "तुमची स्मरणशक्ती तपासू" असे म्हटले असते, तर मी गेलो नसतो. त्याने म्हटले, "बाबा, साखरेची तपासणी राहिली आहे, कानही दाखवून घेऊ." साखरेच्या निमित्ताने बाकीचे आपोआप झाले. डॉक्टरांना मात्र त्याने आधीच चिठ्ठी लिहून ठेवली होती, म्हणजे माझ्यादेखत माझ्या चुकांचा पाढा वाचावा लागला नाही. एवढे जरूर करा. नातवंडांसमोर "अहो, हे आत्ताच सांगितलेत" असे म्हणू नका. ते ऐकले की माणूस बोलणेच सोडतो.

पैशांचे व्यवहार आत्ताच, अण्णा स्वतः समजून सही करू शकतात तोवर मार्गी लावा. खात्यांना नॉमिनीची नोंद आहे का ते पाहा, एका खात्यावर मुलाचे किंवा मुलीचे नाव जोडा, आणि फोनवर ओटीपी कोणालाही द्यायचा नाही हे फोनच्या मागेच कागद चिकटवून लिहा. मी एकदा देता देता वाचलो आहे. ज्येष्ठांसाठीची 14567 आणि मानसिक आरोग्यासाठीची 14416 या शासकीय मदतवाहिन्या विनामूल्य आहेत. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही दाखवता येते.

दोन महिन्यांनंतर : यावलची लेक

सर्वांचे आभार मानून काय झाले ते कळवते. साखरेचे निमित्त लागू पडले. बी-12 सापडले 138. उजव्या कानातून मळाचा एवढा मोठा खडा निघाला की अण्णांनी तो कागदात बांधून आईला दाखवायला घरी आणला. त्यानंतरही दोन्ही कानांनी कमी ऐकू येते असे तपासणीत दिसले आणि एका कानाला यंत्र लावले आहे. खाजेची गोळी डॉक्टरांनी बदलली, बी-12 ची इंजेक्शने सुरू केली. सीटी स्कॅनमध्ये रक्त वगैरे काही नव्हते.

पारावर जाणे पुन्हा सुरू झाले आहे. चिडचिड निम्म्याहून कमी आहे. पण हकिकती अजूनही दोनदा सांगतात, आणि चाचणीत सांगितलेल्या पाच शब्दांपैकी थोड्या वेळाने दोनच आठवले. मेंदूविकार तज्ज्ञांनी सौम्य बोधनक्षीणता असे लिहून सहा महिन्यांनी परत बोलावले आहे. म्हणजे काही सुधारले आणि काही तसेच आहे. भावाने प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची पाटी बांधली आहे. खत सोडले की अण्णा ती उलटी करतात, आणि आठवडा संपला की भाऊ सगळ्या पाट्या सरळ करतो. ही युक्ती अण्णांनी स्वतःच सुचवली, त्यामुळे ती पाळली जाते.

आता एकच प्रश्न उरला आहे. ते अजून मोटारसायकलवर फैजपूरला जातात. तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग आहे, केळीचे ट्रक एकामागे एक असतात. गाडी बंद करा म्हणावे का?

उत्तर : भुसावळचे आजोबा

बंद करा असे एकदम म्हणू नका. आधी एकदा त्यांच्या मागे बसून फैजपूरला जाऊन या. वळणावर इशारा देतात का, फाट्यावर क्षणभर गोंधळतात का, मागच्या ट्रकचा भोंगा त्यांना वेळेवर ऐकू येतो का, ते पाहा, आणि पाहिलेले डॉक्टरांनाही सांगा. माझ्या मुलाने असेच केले होते. वरणगावच्या फाट्यावर मी चुकीच्या बाजूला वळलो, तो काहीच बोलला नाही, आणि घरी आल्यावर किल्ली मीच त्याच्या हातात दिली. आता तो मला दर गुरुवारी बाजारात नेतो. गाडी तो चालवतो, रस्ता मी सांगतो.